नववी करवत आणि एक उरलेली क्लिप

सोडतीच्या अर्जात एकदा "बक्षिसे : नऊ" असं टाईप झालं की ते आठ करणं माणसाच्या हातात राहत नाही. पुढे जे घडलं त्याची थोडीशी जबाबदारी त्या नऊच्या आकड्यावर टाकावी अशी माझी फार इच्छा आहे. दुर्दैवानं तो टाईप करणाराही मीच होतो.

आमच्या टिलर्स फोर्कमध्ये दर ऑक्टोबरात चेन-सॉची, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या करवतींची, सोडत निघते. अर्व्हो निएमेलाच्या शेडमध्ये गुरुवारी काही माणसं जमतात, मेलेल्या करवती उघडतात, त्यांना नवा पिस्टन घालून जिवंत करतात आणि जंगलात त्या वर्षी जो कोणी जायबंदी झाला असेल त्याच्या मदतीसाठी सोडतीत देऊन टाकतात. देताना त्यांचे चेहरे लेक सासरी धाडल्यासारखे असतात. यंदाची सोडत डेल हचिन्ससाठी होती. मार्चमध्ये झाड तोडताना त्याची करवत मध्येच बंद पडली, अर्धवट कापलेलं झाड वाऱ्यानं भलतीकडे वळलं, आणि तेव्हापासून डेल चाकाच्या खुर्चीत आहे. त्याच्या घराला उतार बांधायचा होता आणि ट्रकला खुर्ची उचलणारा पाळणा बसवायचा होता.

या सगळ्यात माझं काम अर्ज टाईप करण्याचं आणि तिकिटांवर नंबर घालण्याचं. मी शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं होतो आणि माझं अक्षर बरं आहे, एवढीच माझी पात्रता. शेडमध्ये मी कॉफीच्या किटलीजवळ उभा राहतो. तिथून कुणाला अडचण होत नाही.

झालं असं की नववा देणगीदार सप्टेंबरात लेकीकडे आयडाहोला राहायला गेला, आणि जाताना करवतही घेऊन गेला. अर्ज तर काउंटीच्या कचेरीत पोचलेला. शेडमध्ये सगळ्यांनी करवती पुन्हा मोजल्या, आठच भरल्या. तेवढ्यात व्हर्ल स्टब्स म्हणाला, "मिस्टर पीक, तुमच्या जिन्याखाली सासऱ्यांची जुनी करवत पडलीय की!"

माझ्या जिन्याखाली काय आहे हे व्हर्लला कसं माहीत, असं विचारू नये. आमच्या गावात ते सगळ्यांना माहीत असतं. हा व्हर्ल माझा जुना विद्यार्थी. आता छप्पन्न वर्षांचा आहे. चौथीत असताना त्यानं बीव्हर प्राण्यावरचं एक सचित्र पुस्तक नेलं होतं, ते अजून परत आलेलं नाही. मी तो विषय कधी काढला नाही, पण विसरलोही नाही.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या तोंडात डोनट होता. तो गिळेपर्यंत अर्व्होनं पाटीवर माझं नाव लिहिलं होतं.

घरी बायकोला, मार्लिसला, सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली.

"तू करवत बांधणार?" ती म्हणाली.

"पुस्तक मागवलंय."

"वेंडेल, परवा तू टोस्टर साफ केलास, तेव्हापासून तो फक्त एका बाजूनं भाजतो."

"त्यासाठी पुस्तक नव्हतं," मी म्हणालो.

माझी पद्धत अशी की जे येत नाही ते मी आधी वाचतो. वाचून झाल्यावर ते मला आणखी येईनासं होतं, पण का येत नाही हे मात्र नीट कळतं. तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर सासऱ्यांची करवत सुटी होऊन पसरली होती, आणि आम्ही दोघं बशी मांडीवर घेऊन जेवत होतो.

आता इथे एका वस्तूची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. सिलिंडरमध्ये वरखाली करतो तो पिस्टन. त्याच्या पोटातून आरपार एक पिन जाते. ती पिन बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेची एकेक क्लिप बसवतात. केवढी? नखाच्या चंद्रकोरीएवढी. ही क्लिप काढताना किंवा बसवताना हातातून उडते. उडते म्हणजे नाहीशीच होते. शेडमधला प्रत्येक पुरुष त्या क्षणी एक विशिष्ट शब्द उच्चारतो. आयुष्याची त्र्याहत्तर वर्षं मला त्या शब्दाची गरज पडली नव्हती. जुन्या दोन क्लिपांपैकी दुसरी चुलीच्या दिशेनं उडाली तेव्हा तो माझ्या तोंडून आपोआप निघाला. शेजारच्या खोलीत मार्लिस रविवारच्या प्रार्थनेची गाणी बाज्यावर वाजवत होती. ती न थांबता म्हणाली, "सापडली का?"

नाही सापडली. जुन्या क्लिपा पुन्हा वापरायच्या नसतातच, म्हणून मी फार शोधलंही नाही. हे लक्षात ठेवा.

त्याच दिवशी दुपारी व्हर्ल सल्ला द्यायला आला. व्हर्लच्या सल्ल्याला वेळ नसते आणि अंतही नसतो. त्यानं स्वतःच्या करवतीसाठी आणलेला नवा पिस्टन बरोबर आणला होता, कागदी पिशवीतून तो माझ्या टेबलावर ओतला आणि खुर्ची उलटी करून बसला.

"हे बघा मिस्टर पीक, पिस्टन असा असतो. तुमचा काय, कुठल्या कॅटलॉगातून मागवलाय? असो. चालेल. आता बघा, क्लिप अशी धरायची. अंगठा इथं. घाबरायचं नाही, तिला कळतं घाबरलेला माणूस कोण ते. टक! बसली. एक बाजू झाली पण. डोळे मिटून करतो मी हे."

"डोळे मिटून कशाला?" मी म्हणालो.

"सवयीचा प्रश्न आहे."

मार्लिसनं रानबेरींची गोड पाई पुढे ठेवली. त्यानं दोन तुकडे खाल्ले, मला माझ्या चुका सांगितल्या, मग टेबलावरचं आपलं सामान हातानं पिशवीत लोटलं आणि गेला. मी टेबलावर उघडं पडलेलं पुस्तक मिटलं. ते दीपगृहांच्या इतिहासाचं होतं. करवतीच्या पुस्तकानं डोकं फिरलं की मी ते वाचत असे.

करवत जोडून झाली. शेडमधली रीत अशी की शेवटचे बोल्ट आवळले की बांधणाऱ्यानं त्यांच्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. अर्व्होचा निळा, व्हर्लचा पिवळा. ठिपका पडला की ती करवत त्या माणसाच्या शब्दावर मिटली. तो ठिपका दुसऱ्या कुणी मोडायचा नाही. एकदा एकानं मोडला होता, तर दोघं चुलतभाऊ अकरा वर्षं एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या दारांनी जात होते. माझ्याकडे रंग नव्हता, म्हणून मार्लिसनं तिचं चेरीच्या रंगाचं नेलपॉलिश दिलं.

अर्व्होनं माझी करवत हातात घेतली, दोरी हळू ओढून दाब पाहिला, कानाजवळ नेली. अर्व्हो बोलायला फार महाग माणूस. त्यानं करवत खाली ठेवली आणि म्हणाला, "ठीक."

बाकीच्यांना हे कळणार नाही. चाळीसहून जास्त वर्षं मी या गावात कॉफीच्या किटलीजवळ उभा आहे. तो "ठीक" मी खिशात घालून घरी आणला. रात्रीच्या जेवणात मार्लिसला तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ठीक आहे."

दोन दिवसांनी मी दीपगृहांचं पुस्तक उघडलं. पान एकशे बारा. दोन पानांच्या बेचक्यातून एक क्लिप घरंगळली आणि माझ्या मांडीवर पडली.

मी तिच्याकडे बघितलं. 

आता हिशेब करा. जुन्या दोन क्लिपा. एक कचऱ्यात टाकली, दुसरी उडाली. नव्या दोन, त्या मी बसवल्या. बसवल्या ना? एक बसवल्याचं चित्र डोळ्यांसमोर स्पष्ट होतं. दुसरीचं चित्र आठवायला गेलो की पहिलीचंच चित्र पुन्हा दिसे. ही क्लिप उडालेली जुनी असेल, तर काहीच बिघडलं नव्हतं. नवी असेल, तर माझ्या करवतीतली पिन एका बाजूनं मोकळी होती. क्लिप चकचकीत होती, पण जुनं सामानही मी सगळं पेट्रोलात धुतलं होतं. मी भिंग घेऊन अर्धा तास तिच्याकडे पाहिलं. तिनं काहीही सांगितलं नाही.

मी अर्व्होकडे गेलो. तो साखळीला धार लावत होता.

"अर्व्हो," मी म्हणालो, "मी पुस्तकात वाचलं... म्हणजे समज, कुणाची तरी... पिनेची एक क्लिप बसवायची राहिली, तर?"

"चालते," अर्व्हो म्हणाला.

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. "चालते?"

"थोडा वेळ." त्यानं कानस फिरवली. "मग पिन सरकते. सिलिंडर खाते. बंद पडते."

"किती वेळानं?"

त्यानं खरोखर विचार केला. "अर्ध्या झाडात," तो म्हणाला.

डेलचं झाडही अर्ध्यातच होतं. अर्व्होला तेव्हा तेच आठवलं की नाही ते मला कळलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि कानस पुन्हा चालू केली. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही मी. पण समोर तो "ठीक" उभा राहिला, आणि मी म्हणालो, "छान धार लागलीय."

तेव्हा गुपचूप करवत उघडून बघायची, एवढाच मार्ग राहिला. पण करवती होत्या चारा-बियाण्यांच्या दुकानाच्या काचेमागे, एका तारेत ओवलेल्या, आणि तारेला काउंटीचं शिशाचं सील. सील घालणाऱ्या मिसेस रॅश कचेरीत खिडकीमागे बसतात. मी बत्तीस मैल गाडी चालवत गेलो.

"बक्षीस परत घ्यायचं असेल तर नमुना चौदा," त्या म्हणाल्या. "तीन प्रती. नववं बक्षीस का? ठीक. त्याच्या जागी त्याच किमतीचं दुसरं द्यावं लागेल."

"परत नाही घ्यायचं. फक्त थोडा वेळ बघायचंय."

"बघायला काच आहे की, मिस्टर पीक."

"आतून बघायचंय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे सील मोडायचं. त्यालाही नमुना चौदाच. इथे कारण लिहा. स्पष्ट अक्षरात. ते कारण आम्ही तिकीटविक्रीच्या प्रत्येक ठिकाणी लावतो."

तिकीटविक्रीची ठिकाणं अकरा होती. दुकान, बार, दोन्ही चर्च, माझी शाळा. मी पेन उचललं. कारणाच्या रकान्यात "देणगीदाराला" एवढं लिहिलं, सुंदर अक्षरात, आणि पुढचा शब्द सुचेना. मिसेस रॅश म्हणाल्या, "सावकाश लिहा, चार वाजता बंद होतं." मी कागद घडी करून खिशात घातला आणि बत्तीस मैल परत आलो.

मग मला ती कल्पना सुचली. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला कल्पना सुचू नयेत, असा माझा या वयातला निष्कर्ष आहे.

आमच्या सोडतीत प्रत्येक करवतीपुढे लोणच्याची एक बरणी असते. ज्याला जी करवत हवी त्या बरणीत तो नाव लिहून तिकीट टाकतो. माझी करवत मीच जिंकली तर? मी चाळीस तिकिटं घेतली, दुकान रिकामं बघून नवव्या बरणीजवळ गेलो आणि एकेक टाकू लागलो. सतराव्या तिकिटाला मागून आवाज आला.

"अरे बापरे, मिस्टर पीक! स्वतःचंच मूल दत्तक घेताय?"

व्हर्ल. खांद्यावर कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं.

"जरा... जीव जडलाय," मी म्हणालो.

"लाजू नका! पहिली करवत म्हणजे असंच होतं. मी तर रडलो होतो. कुणाला सांगू नका."

मी कुणालाच सांगितलं नाही. त्यानं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगितलं. आणि गावानं आपल्या पद्धतीनं विचार केला: हा माणूस एकतीस वर्षांत वाचल्याशिवाय एक शब्द बोलला नाही. तो चाळीस तिकिटं टाकतोय म्हणजे त्या करवतीत काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी नववी बरणी अर्धी भरली. तिसऱ्या दिवशी दुकानदारानं शेजारी दुसरी बरणी ठेवली. मी आणखी तीस तिकिटं घेतली. ते पाहून लोकांनी आणखी शंभर घेतली. अर्व्होच्या करवतीपुढच्या बरणीत सहा तिकिटं होती. सगळ्या गावात एक माणूस माझी करवत टाळत होता, तो म्हणजे स्वतः अर्व्हो, आणि तोही विचारात पडल्यासारखा दिसत होता.

शुक्रवारी कॅरी लुंड भेटली. लहानपणी माझ्या ग्रंथालयातली घोड्यांवरची सगळी पुस्तकं हिनं संपवली होती. आता झाडं तोडते. दोन मुलं आहेत, पोट करवतीवर.

"मिस्टर पीक, माझी सगळी तिकिटं तुमच्या बरणीत," ती म्हणाली. "माझी करवत गेल्या आठवड्यात बसली. तुमची मिळाली तर सोमवारीच वर घेऊन जाते. उभा चढ आहे, भरवशाची लागेल."

"भरवशाची," मी म्हणालो.

"तुम्ही पुस्तक वाचून बांधलीय म्हणे. मग काय!"

शनिवारी बारा वाजता सोडत. बंबखान्यातून आगीचे बंब बाहेर काढून बाकं मांडली होती. दीडशे माणसं, तीन पातेली बीन्सची, आणि पहिल्या रांगेत डेल, मांडीवर घोंगडी घेऊन, त्याच्या खुर्चीला कुणीतरी फुगा बांधलेला. मिसेस रॅश आल्या, सील तपासलं, यादी काढली. मग माझ्या दोन बरण्या टेबलावर ओतल्या आणि एकेक तिकीट बघायला लागल्या.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"नियम सहा. देणगीदाराला स्वतःची देणगी जिंकता येत नाही. तुमची सत्तर तिकिटं बाजूला काढतेय." त्यांनी मान वर केली. "तुमचं अक्षर फार छान आहे, मिस्टर पीक. लगेच ओळखू येतं."

मी मार्लिसशेजारी जाऊन बसलो. खिशात दीपगृहांचं पुस्तक होतं, त्यात पान एकशे बारावर क्लिप. नेलपॉलिशची बाटलीही होती, कारण करवत जिंकल्यावर ती उघडून पुन्हा मिटायची, असा माझा बेत होता.

"तुझा हात ओला झालाय," मार्लिस म्हणाली. "काय केलंयस?"

तेव्हा मी तिला सांगितलं. कानात, भराभर. तिनं ऐकून घेतलं. मग पर्समधून टॉर्च काढला आणि मांडीवर ठेवला. 

आमच्याकडे नुसतं नाव काढून भागत नाही. नाव निघालं की बांधणाऱ्यानं पुढे यायचं आणि करवत सुरू करून दाखवायची. दोरीला तीन ओढी. तिसऱ्या ओढीला सुरू झाली नाही तर करवत सोडतीतून बाद. झाली तर जिंकणाऱ्यानं तिच्यानं ओंडक्याची एक चकती कापायची आणि ती बांधणाऱ्याला द्यायची. एक ते सात सगळ्या सुरू झाल्या. आठवी व्हर्लची. तिच्या वेळी तो हात वर करून म्हणाला, "माझी शेवटी ठेवा. नाटकात हिरो नंतर येतो." म्हणून माझी आधी आली.

मिसेस रॅशनी बरणीत हात घातला. "कॅरी लुंड."

कॅरी शिट्टी वाजवत पुढे आली. मी उठलो. टेबलापर्यंत सोळा पावलं होती आणि त्या सोळा पावलांत माझ्या लक्षात आलं की अजून एक वाट आहे. तीन ओढींत सुरू झाली नाही तर बाद! सोडतीच्या इतिहासात, स्वतःची करवत सुरू होऊ नये म्हणून मनातल्या मनात हात जोडणारा मी पहिलाच देणगीदार. मी दोरी धरली आणि मांजराच्या गळ्यातली रिबीन सोडवावी इतक्या हळू ओढली.

ती पहिल्याच ओढीला सुरू झाली.

सगळा बंबखाना ओरडला. काय सुरेख आवाज होता! सासऱ्यांच्या हयातीत ती अशी कधी चालली नव्हती. अर्व्हो भिंतीला टेकून उभा होता, त्यानं चक्क दोन्ही भुवया वर केल्या. कॅरीनं हात पुढे केले. एवढंच करायचं होतं, त्या हातांत ठेवायची आणि जाऊन बसायचं.

मी करवत बंद केली.

"मला खात्री नाही," मी म्हणालो.

"काय?" मागून कुणीतरी ओरडलं. "मोठ्यानं, मिस्टर पीक!"

एकतीस वर्षं लोकांना हळू बोला म्हणणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. मी मोठ्यानं बोललो. "माझ्याकडे एक क्लिप उरली आहे! पिनेची. जुनी की नवी, मला माहीत नाही. आत एक असेल किंवा दोन. मी दोन आठवडे गप्प बसलो. आणि कॅरी सोमवारी चढावर जाणार आहे."

बीन्स वाढणाऱ्याच्या हातून डाव पातेल्यात पडला. डेल माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

अर्व्हो भिंतीपासून निघाला, आपल्या ट्रककडे गेला, हत्यारांची पेटी आणि सिलिंडरखाली घालायचं नवं गॅस्केट घेऊन आला. टेबलावर ठेवलं आणि पाना माझ्या हातात दिला. स्वतः हात लावला नाही. ठिपका माझा होता.

मला पंचेचाळीस मिनिटं लागली. लोक बीन्स खात बघत होते. मार्लिस टॉर्च धरून उभी होती. चेरी रंगाचे चार ठिपके एकेक करून तडकले. सिलिंडर वर उचललं. टॉर्चचा उजेड डाव्या बाजूला पडला: क्लिप होती.  उजवी बाजू. बोट आत घालून चाचपलं.

"दोन्ही आहेत," मी म्हणालो.

आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळे. मी हसण्याचा प्रयत्न केला. व्हर्ल सगळ्यांत मोठ्यानं हसत होता, बाकावर हात आपटत. "मिस्टर पीक! अहो, डोळे मिटून करायला शिका! आम्हाला काय कधी..."

मी खिशातून पुस्तक काढलं आणि क्लिप टेबलावर ठेवली. अर्व्होनं ती चिमटीत धरून उजेडात नेली, दोन्ही टोकं पाहिली. जुन्या क्लिपेची टोकं पक्कडीनं वाकलेली असतात, हे मला तेव्हा कळलं. पुस्तकात ते पुढच्या प्रकरणात होतं.

"नवी," अर्व्हो म्हणाला.

"मग कुणाची?" मी म्हणालो.

व्हर्लचं हसणं थांबलं. तो पुढे आला. क्लिपेकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे.

"हे दिव्यांचं पुस्तक," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी टेबलावर होतं का? मी पिस्टन ओतला तेव्हा?"

"उघडं होतं," मार्लिस म्हणाली. "पाईच्या बशीशेजारी."

"एक मी तुमच्यासमोर बसवली. घरी आलो, पिशवी रिकामी. म्हटलं, दोन्ही बसवल्या असणार." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. त्याचा रंग बीन्सच्या पाण्यासारखा झाला होता. "मिस्टर पीक, तो पाना देता का?"

व्हर्लनं पिवळे ठिपके मोडले. दीडशे माणसांसमोर. डावीकडे क्लिप होती. उजवीकडे रिकामी खाच, आणि पिन आत्ताच केसभर बाहेर आलेली.

कुणी हसलं नाही.

व्हर्लनं टेबलावरची क्लिप उचलली, अंगठा तिथं ठेवला, दाबली, आणि ती उडाली.

व्हर्लनं तो शब्द उच्चारला. मी पण उच्चारला. चर्चच्या पाळकबाईही काहीतरी पुटपुटल्या. पुढच्या मिनिटात अख्खं टिलर्स फोर्क बंबखान्याच्या फरशीवर चारी पायांवर होतं. कॅरी बाकाखाली, अर्व्हो पातेल्यामागे, मिसेस रॅश हातात सीलची यादी धरून गुडघ्यांवर, आणि माझा चष्मा कुणाच्या तरी बुटाखाली. "हलू नका!" "तूच हलू नको!" "पाय उचल, आजी!" "हे काय आहे?" "बीन आहे!"

"लोकहो," वरून आवाज आला.

फक्त एक माणूस खाली उतरला नव्हता. डेलनं घोंगडीच्या लोकरीतून दोन बोटांनी काहीतरी सोडवलं आणि उजेडात धरलं.

"तुम्ही सगळे खाली काय शोधताय?" डेल म्हणाला. "व्हर्ल, इकडे ये. आणि ही घे नीट धरून. मला या खुर्चीत अजून कंपनी नकोय."

व्हर्लनं ती दोन्ही डोळे उघडे ठेवून बसवली. सिलिंडर चढवलं, बोल्ट आवळले. मग खिसे चाचपायला लागला, कारण पिवळा रंग घरी होता. मी बाटली पुढे केली. त्याच्या बोटांत नेलपॉलिशचा ब्रश काडीपेटीतल्या काडीएवढा दिसत होता.

"जास्त घेऊ नको," मार्लिस म्हणाली, "ओघळतं."

चार ठिपके देऊन झाले तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते बीव्हरचं पुस्तक माझ्याकडेच आहे."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"चित्रं छान आहेत त्यात."

"हो."

माझी करवत पुन्हा जोडली, तीही चेरी रंगात. या वेळी ती तिसऱ्या ओढीला सुरू झाली, आणि मी तिन्ही ओढी जीव लावून ओढल्या. कॅरीनं चकती कापून माझ्या हातात दिली. ताज्या लाकडाचा वास होता तिला. मी ती दीपगृहांच्या पुस्तकावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे कॉफीच्या किटलीकडे निघालो.

वाटेत अर्व्हो आडवा आला. माझा एका काचेचा चष्मा त्यानं माझ्या नाकावर ठेवला.

"गुरुवारी," तो म्हणाला, "डेल येणार आहे. टेबल खाली करून घेतोय त्याच्या खुर्चीच्या उंचीला. क्लिपा शोधायला बरा आहे तो." एवढं एका दमात बोलून त्याला धाप लागली असावी. मग त्यानं किटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तूही बस," तो म्हणाला. "उभा राहू नको."